जपानी गाडीत नवा टेप बसवायचाय? उद्यमनगरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी दारात लागली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "दादा, ह्यो टेप जपानीत बोलतोय, काढून आपला बसवा. दोन तासात हुतंय न्हवं?" कधी होतं, कधी दोन दिवस जातात. कशामुळे जातात, ते रोज तोंडानं सांगून घसा बसला, म्हणून इथं लिहून ठेवलंय. टेप म्हणजे म्युझिक सिस्टीम, स्टिरिओ, अँड्रॉइड स्क्रीन, सगळं आलं. कॅसेट जाऊन जमाना झाला, पण कोल्हापुरात शब्द टेपच आहे.

माझी गाडी जपानी कंपनीची आहे. हे सगळं मला लागू होतं का?

कंपनी जपानी असणं आणि गाडी जपानहून येणं या दोन वेगळ्या गोष्टी. तुमची स्विफ्ट, सिटी किंवा इनोव्हा इथंच बनली असेल तर यातलं निम्मं तुम्हाला लागूच नाही. सुझुकीची जुनी ग्रँड विटारा, निस्सानची एक्स-ट्रेल किंवा जुनी सीआर-व्ही या गाड्या तयार होऊन बाहेरून आल्या, पण कंपनीनंच भारतासाठी आणल्या. त्यांचा रेडिओ इथला, भाषा इंग्रजी. त्यांच्याबाबतीत फक्त सॉकेट, फ्रेम आणि वायरिंगचे प्रश्न येतात.

खरी गंमत जपानच्या बाजारासाठी बनलेल्या आणि तिथं वापरलेल्या गाडीत असते. अशी गाडी आपल्याकडे कमीच. वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे लागतं, ती मुंबई बंदरातूनच यावी लागते आणि वर भरमसाट ड्युटी. एवढं करून आणलेल्या गाडीच्या वायरी कुणी ब्लेडनं सोलायला लागला की माझ्याच पोटात गोळा येतो.

तिसरा प्रकार म्हणजे गाडी इथलीच, पण भंगारातून 'ओरिजनल जपान' सेट आणलेला. त्यावर कॅरोझेरिया असं नाव दिसलं तर दचकू नका, पायोनियरच जपानात त्या नावानं विकतं. सेट झकास असतो, पण रेडिओ तिकडचा.

तिकडचाच टेप ठेवतो. नुसता एफएम लागला तरी बास. जमेल का?

जपानचा एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झ, आपला ८७.५ ते १०८. आपली आकाशवाणी १०२.७ वर, मिर्ची ९८.३ वर, टोमॅटो ९४.३ वर. म्हणजे जुन्या जपानी सेटवर यातलं एकही लागणार नाही.

नव्या सेटवर फसगत वेगळी. २०१४ च्या आसपास तिकडं एफएमचा पट्टा ९५ पर्यंत वाढवला, त्यामुळे त्यानंतरच्या बऱ्याच सेटवर टोमॅटो छान वाजतं, पण मिर्ची आणि आकाशवाणीच्या जागी खरखर. गिऱ्हाईक म्हणतं, "एक स्टेशन लागतंय म्हणजे रेडिओ चांगलाय, अँटेना बदला." अँटेना बदलून काही होत नाही. त्या रेडिओला ९५ च्या पुढं जगच माहीत नाही.

यावर बँड एक्स्पांडर नावाची काडेपेटीएवढी डबी मिळते. अँटेनाची वायर तिच्यातून घालून सेटला द्यायची आणि डबीला चावीचा करंट, म्हणजे चावी फिरवल्यावरच येणारा, जोडायचा. आलेली फ्रिक्वेन्सी ती ठरावीक आकड्यानं खाली ओढते. तो आकडा बघून घ्या. १६ मेगाहर्ट्झची घेतली तर आकाशवाणी ८६.७ वर, मिर्ची ८२.३ वर आणि टोमॅटो ७८.३ वर लागेल. तिन्ही पट्ट्यात बसतात. १० ची घेतली तर आकाशवाणी ९२.७ वर जाते, म्हणजे जुन्या सेटच्या बाहेरच. दुकानदार हातात येईल ती डबी देतो, म्हणून वजाबाकी घरून करून जा.

मिडियम वेव्हला हा त्रास नाही. तिकडंही स्टेशनांमधलं अंतर ९ किलोहर्ट्झचंच, त्यामुळे सांगली १२५१ वर जसं लागायचं तसंच लागतं.

बॅटरी बदलली आणि स्क्रीननं कोड मागितला. आता?

टोयोटाच्या जपानी नेव्हिगेशन सेटचा हा नेहमीचा आजार. बॅटरीचा करंट तुटला की बरेच सेट नकाशाचं एसडी कार्ड आणि कोड मागतात. ते कार्ड बहुतेक वेळा आधीच्या कुणीतरी 'फुकटचं मेमरी कार्ड' म्हणून काढून मोबाईलात घातलेलं असतं. कार्ड असेल तर कोड मिळवायची खटपट करता येते. नसेल तर त्या सेटच्या मागं लागू नका. नाहीतरी आतला नकाशा ओसाकाचा आहे, त्यात रंकाळा सापडणार नाही.

भाषा बदलता येईल का, हेही बरेच जण विचारतात. बहुतेक सेटमध्ये दुसरी भाषा घातलेलीच नसते. मोबाईलचा कॅमेरा धरून भाषांतर वाचत बसायचं, एवढंच हातात राहतं.

नवा सेट कुठल्या मापाचा घेऊ?

आधी पट्टी घ्या, मग मोबाईल. डिन म्हणजे सेटच्या तोंडाचं ठरलेलं माप. सिंगल डिन १८० बाय ५० मिलिमीटर, डबल डिन १८० बाय १००. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत, तसंच दायहात्सू आणि सुबारूच्याही काही गाड्यांत खाच २०० मिलिमीटर रुंद असते. तिथं साधा डबल डिन बसवला की दोन्ही बाजूंना बोट जाईल एवढी फट राहते. त्यासाठी बाजूच्या पट्ट्या मिळतात, किंवा सरळ २०० मापाचा सेट घ्यायचा. फट बुजवायला काळा सिलिकॉन भरलेली गाडी मी पाहिलीय. त्यावर बोलत नाही.

जुना सेट ज्या लोखंडी पट्ट्यांवर कसलेला असतो त्या फेकू नका. जपानी गाडीत सेट त्या पट्ट्यांवरच बसतो, बाजारातला पत्र्याचा पिंजरा लागत नाही. स्क्रू ५ मिलिमीटरचे, आखूड. लांब स्क्रू मारला तर तो सेटच्या आत जाऊन सर्किटला टेकतो. आणखी एक गोष्ट: स्क्रूच्या डोक्यावर बारीक टिंब दिसलं तर तो जपानी मापाचा. त्याला साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर लावला तर घसरतो आणि डोकं खातो. जपानी मापाचा स्क्रूड्रायव्हर एकदाच विकत घ्या, गाडीच्या बाकी कामांनाही येईल.

नव्या सेटच्या वायरी आणि गाडीच्या वायरी रंगाला रंग जोडल्या तर चालतं का?

नाही. हे पान मुळात या एका प्रश्नासाठी लिहायला घेतलं, म्हणून जरा सावकाश वाचा.

बाजारातल्या सेटचे रंग साधारण ठरलेले: पिवळी बॅटरीचा कायमचा करंट, लाल चावीचा करंट, काळी अर्थ (म्हणजे अर्थिंग), निळी अँटेना. स्पीकरमध्ये पांढरी पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, आणि काळा पट्टा असलेली त्या जोडीतली मायनस. हे रंग सेट बनवणाऱ्यांचे. गाडी बनवणाऱ्यानं ते कधीच मान्य केलेले नाहीत.

आता बहुतेक टोयोटात काय असतं बघा. कायमचा करंट निळ्या वायरीवर पिवळा पट्टा. चावीचा करंट राखाडी. अर्थ तपकिरी. दिव्यांबरोबर येणारा करंट हिरवा. आणि काळी व पिवळी ही जोडी मागच्या डाव्या स्पीकरची, तर लाल व पांढरी मागच्या उजव्या स्पीकरची.

म्हणजे पोरानं रंग बघून पिवळीला पिवळी, लालला लाल, काळीला काळी जोडली तर तिन्ही गेल्या स्पीकरवर, सेटला करंटच नाही. सेट मेलाय असं वाटतं. तेवढ्यावर थांबलं असतं तरी बरं. पण त्यानं राखाडीलाही राखाडी जोडलेली असते. चावी फिरवली की १२ व्होल्ट सरळ सेटच्या स्पीकर आउटपुटमध्ये घुसतात आणि आतली अँप्लिफायरची आयसी, म्हणजे चिप, जायला तेवढं पुरतं. त्यातून वाचला तर संध्याकाळी दिवे लावल्यावर हिरवीतून पुन्हा १२ व्होल्ट. मग गिऱ्हाईक सेट घेऊन दुकानात भांडायला जातं की डुप्लिकेट माल दिला.

निस्सान, होंडा, मित्सुबिशी, सुबारू यांचे रंग आणि वेगळे. म्हणून उपाय एकच, कपलर. एका टोकाला तुमच्या गाडीचं सॉकेट, दुसऱ्या टोकाला सेटच्या वायरी. टोयोटाला १० आणि ६ पिनांची जोडी लागते, बऱ्याच निस्सानना २० पिनांचं एकच. दोघांनी मटणाचं ताट खाल्लं तर जेवढे जातात, साधारण तेवढ्यात कपलर येतो. गाडीची वायर जशीच्या तशी राहते आणि उद्या सेट काढायचा झाला तर टक करून निघतो. सेट दहा मिळतील, पण या गाडीची डॅशबोर्डमागची वायरिंग नवी मागवायला गेलात तर महिनोन्महिने वाट बघाल.

माझ्या गाडीचा कपलर लक्ष्मीपुरीत मिळाला नाही. मेकॅनिक म्हणतो कापूया.

मेकॅनिकला चहा पाजा आणि थांबवा. गाडीचं मॉडेल आणि साल टाकून ऑनलाइन शोधा. पिनांची संख्या आणि सॉकेटचा समोरून काढलेला फोटो ताडून बघा, नुसत्या नावावर जाऊ नका. नाहीच मिळालं तर तुमच्या जुन्या, बंद पडलेल्या सेटच्या पाठीवर ते सॉकेट आहेच. सेट खोलून ते सर्किटवरून उतरवायचं, त्याच्या पिनांना वायरी डाग द्यायच्या आणि घरचा कपलर बनवायचा. किचकट काम आहे, पण वाया जाणार असेल तर मेलेला सेट जाऊ दे, गाडी नको.

कापायचंच ठरलं तर निदान सॉकेटच्या बाजूला वीतभर वायर राहू द्या, म्हणजे परत जोडता येते. प्रत्येक वायरीवर टेस्ट लॅम्प नाही, मल्टिमीटर लावून बघा आणि चिठ्ठी चिकटवा. जोडावर स्लीव, म्हणजे वायरीवर चढवायची नळी, घाला. नुसती चिकटपट्टी आपल्या उन्हाळ्यात गोंद सोडते आणि मे महिन्यात गगनबावड्याच्या घाटात कुठंतरी शॉर्ट होतं.

स्पीकरची मायनस बॉडीला लावली तर वायर वाचेल ना?

वायर वाचेल, सेट जाईल. आजच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर सहा-सात व्होल्ट असतात, मायनस म्हणजे अर्थ नव्हे.

खोक्यावर '५० वॉट गुणिले ४' लिहिलंय. वेगळा अँप्लिफायर कशाला?

गणित करून बघूया. गाडी चालू असताना १४.४ व्होल्ट, स्पीकर ४ ओहमचा. १४.४ चा वर्ग भागिले ४ म्हणजे ५१.८. खोक्यावरचे ५० इथून येतात. पण हा आकडा आवाज पूर्ण फाटून लाट चौकोनी झाल्यावरचा. स्वच्छ आवाजासाठी त्याचा निम्मा, म्हणजे २६ वॉट ही कागदावरची कमाल, आणि आयसीतलं नुकसान धरलं की हातात १५ ते २० उरतात. घरच्या माणसांबरोबर पन्हाळ्याला जायला तेवढा आवाज पुष्कळ. गणपतीच्या मिरवणुकीसारखं छातीत धडधडायला हवं असेल तर वेगळा अँप्लिफायर, बॅटरीपासून वेगळी जाड वायर, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज. त्या फ्यूजशिवाय मी वायर ओढत नाही, गिऱ्हाईक कितीही जवळचं असू दे.

गाडीत मुळातच बोस किंवा जेबीएलची सिस्टीम आहे. नवा सेट लावल्यावर आवाजच येईना.

सीटखाली किंवा डिकीत कंपनीचा अँप्लिफायर आहे आणि तो झोपलाय. जुना सेट त्याला १२ व्होल्टचा इशारा देऊन उठवायचा. नव्या सेटची निळी-पांढरी वायर त्या पिनला द्या. अँप्लिफायर काढून टाकून सेट थेट स्पीकरला जोडायचा सल्ला कुणी दिला तर आधी स्पीकरचे ओहम मोजा. बोसचे काही स्पीकर २ ओहमपेक्षाही कमी असतात. साधा सेट त्यांच्यावर तापून बंद पडतो.

स्टिअरिंगवरची बटणं चालतील का?

बहुतेक चालतात. जुन्या गाड्यांत प्रत्येक बटणामागं वेगळ्या ओहमचा रेझिस्टर असतो आणि दोन-तीन वायरींत सगळं काम भागतं. अँड्रॉइड सेटच्या 'की-१' आणि 'की-२' त्यांना जोडायच्या, स्टिअरिंगची अर्थ जोडायची, आणि सेटला एकेक बटण दाबून शिकवायचं. अर्थ विसरली की आवाज वाढवायला जावं तर गाणं बदलतं. नव्या गाड्यांत हे सगळं कॅन बसवरून, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर ज्या तारांवरून एकमेकांशी बोलतात त्यावरून येतं, त्याला गाडीनुसार वेगळी डबी लागते.

रिव्हर्स कॅमेरा कंपनीचाच ठेवायचा आहे.

ठेवा, पण आधी त्याचे व्होल्ट मोजा. हा धडा मी स्वतः पैसे मोजून शिकलोय. टोयोटाचे बरेच मूळ कॅमेरे ६ व्होल्टवर चालतात, तो करंट जुना सेट पुरवत असतो. पहिल्यांदा अशी गाडी आली तेव्हा मी नेहमीसारखे रिव्हर्स लाइटचे १२ व्होल्ट दिले. चित्र आलं, अगदी स्वच्छ आलं, गिऱ्हाईक खूश. आठवड्यानं परत आलं तेव्हा स्क्रीन काळी होती. नवा कॅमेरा माझ्या खिशातून गेला. आता १२ चे ६ करणारी छोटी डबी खणात ठेवलेलीच असते.

नवा सेट बसला, पण रेडिओ आधीपेक्षा कमी ओढतो.

छतावर काडी नसून काचेत अँटेना असेल तर तिच्याजवळ एक बूस्टर असतो आणि त्याला १२ व्होल्ट लागतात. सेटची निळी वायर तिथं जोडलेली नसणार. अँड्रॉइड सेट असेल तर सेटिंगमध्ये रेडिओचा प्रदेशही बघा, तिथं जपान राहिलं असेल तर परत तेच रामायण. एवढं करूनही कमी-जास्त राहिलं तर समजून घ्या, तो बूस्टर तिकडच्या पट्ट्यासाठी बनवलेला आहे.

डॅशबोर्ड खोलताना एअरबॅग फुटेल का?

नीट काम केलं तर नाही. बॅटरीची मायनस काढा आणि थांबा. टोयोटा किमान ९० सेकंद सांगते, होंडा तीन मिनिटं. मी चहा संपेपर्यंत थांबतो. पिवळ्या सॉकेटना आणि पिवळ्या आवरणातल्या वायरींना हात नाही, मीटर तर अजिबात लावायचा नाही.

लोक विसरतात ती जागा म्हणजे काचेच्या बाजूचा खांब. फोनचा माइक तिथं वर नेतात आणि वायर आडवी कोंबतात. पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असेल तर ती त्याच प्लॅस्टिकमागं असते. वायर तिच्या पाठीमागून, मूळ वायरिंगला बांधून न्यायची, तिच्या पुढून कधीच नाही.

गाडी दोन आठवडे उभी राहिली आणि बॅटरी बसली. सेटमुळे का?

असू शकतं. स्वस्त अँड्रॉइड सेट चावी काढल्यावरही अर्धवट जागे राहतात. बॅटरीच्या मायनसमध्ये अँमीटर घाला, दारं बंद करून अर्धा तास थांबा, मग आकडा वाचा. ५० मिलिअँपिअरच्या वर असेल तर चोर शोधायला लागा. ५० नं सुद्धा १४ दिवसांत सुमारे १७ अँपिअर-तास जातात. जपानी छोट्या गाड्यांतली ४०बी१९ जातीची बॅटरी असते जेमतेम २८ ची. तिचे टर्मिनलही बारीक असतात, त्यामुळे आपल्याकडची जाड क्लिप कितीही आवळली तरी हलते. कधीकधी सगळा दोष तेवढाच असतो.

चालत्या गाडीत पिक्चर दिसायला हँडब्रेकची वायर अर्थ करून देता का?

नाही.

वापरलेली इम्पोर्टेड गाडी घेतोय. टेप काढून काही कळतं का?

लई कळतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर मी प्रत्येक अनोळखी गाडीचा सेट काढून आधी आत टॉर्च मारतो. सीट धुता येतात, गालिचा बदलता येतो, पण सेटच्या मागच्या खोबणीत बसलेला गाळ कुणी पुसत नाही. पट्ट्यांवर एका पातळीपर्यंत गंज असेल, सॉकेटच्या पिना हिरव्या पडल्या असतील, तर पंचगंगा किंवा दुसरी कुठली तरी नदी त्या गाडीत बसून गेलीय. चिकटपट्टीचा गोळा सापडला तर आधीच्या मालकानं काय काय बसवून काढलं, तेही मोजता येतं.

गाडी सुरू केली की एक बाई जपानीत काहीतरी बोलते. ती बंद होईल?

"ईटीसी कार्ड गा सोन्यू सारेते इमासेन." टोलचं कार्ड घातलेलं नाही, एवढंच ती सांगते. तिचा टेपशी काही संबंध नाही, म्हणून नवा सेट बसवल्यावरही ती बोलतच राहते आणि लोक माझ्याकडं तक्रार घेऊन येतात. तिकडच्या टोलचं यंत्र ५.८ गिगाहर्ट्झवर चालतं, आपला फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर, त्यामुळे किणी नाक्यावर त्याचा काडीचा उपयोग नाही. स्टिअरिंगखाली किंवा कप्प्यात छोटी डबी असते, तिचं सॉकेट काढलं की झालं, पाच मिनिटांचं काम.

एका काकांच्या गाडीचं मी ते असंच काढून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी ते नातवाला घेऊन परत आले. पोराला ते वाक्य पाठ झालं होतं, आणि बाई बोलत नाही तोवर शाळेला जायला गाडीत बसणार नाही म्हणून हटून बसलं होतं. सॉकेट परत लावून दिलं. त्याचे पैसे घेतले नाहीत.